अमीकुस भैयासाहेब

भैयासाहेब टेंबे गेल्या थंडीत गेले. वकील मंडळींनी शोकसभा ठेवली होती. मीही गेले, अगदी मागे भिंतीला टेकून बसले. एकेक जण उठायचा, हिंदीत बोलायचा, आणि प्रत्येकाच्या भाषणात एक शब्द हटकून यायचा: न्यायमित्र. "टेंबे साहब सच्चे अर्थों में न्यायमित्र थे." माझी आपली बसल्या जागी चुळबुळ. वाटलं, उठावं आणि सांगावं, अहो, हा शब्द त्यांना चालत नव्हता. मी टाइप केलेल्या कागदांवरून त्यांनी तो स्वतःच्या हाताने खोडलेला आहे. पण टाइप करणाऱ्या बाईला शोकसभेत कोण बोलायला उठवतं? आणि उठवलं असतं, तर मग मला पुढचंही सांगावं लागलं असतं. हल्केचं सांगावं लागलं असतं. भैयासाहेब गेले, भाषणं झाली, हार सुकले, आणि हल्के अजून तुरुंगातच आहे.

म्हणून हे इथे लिहिते. मी काही लेखिका नाही. शाळा आठवीत सुटली. यजमान गेल्यावर टायपिंग शिकले आणि भैयासाहेबांच्या ऑफिसात लागले, ती त्यांच्या शेवटापर्यंत तिथेच. लिहायला शिकले ते दुसऱ्यांचे अर्ज बडवता बडवता. तेव्हा बोलते तसंच लिहिणार, तुम्ही सांभाळून घ्या.

ऑफिस ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, दौलतगंजात, भांड्यांच्या दुकानाच्या वर. खाली दिवसभर पातेल्यांची आदळआपट आणि वर भैयासाहेब कुणाच्या तरी जन्मठेपेच्या कागदांत डोकं घालून बसलेले. उंच, काटकुळे, मान जराशी डावीकडे कललेली. बोलायला सुरुवात करण्याआधी चष्मा काढायचे, त्याशिवाय तोंडातून शब्द फुटत नसे. कुमुदवहिनी म्हणायच्या, "मला बघायला आले तेव्हाही काढला होता. म्हणून तर होकार दिला, दिसलंच नसेल काही."

टेंबे म्हणजे आमच्या ग्वाल्हेरातलं जुनं घराणं. दक्षिणेतून दरबारी कारकुनी करायला आलेली माणसं, पुढे सगळे वकील-मास्तर झाले. पण भैयासाहेबांनी वकिली केली ती निराळीच. ज्या कैद्याला वकील नाही, ज्याच्यामागे कोणी नाही, त्याचं अपील तुरुंगातून आलं की कोर्ट आपणहून एक वकील नेमतं. इंग्रजी कागदात त्याला अमिकस क्युरी लिहितात. इतर वकील अशी नेमणूक आली की खोकला झाला म्हणायचे. भैयासाहेब सगळ्या घ्यायचे. इतक्या, की खालचा चहावाला मुन्ना त्यांना 'एमिकस साब' म्हणूनच ओळखायचा. एकदा गावाकडचा एक म्हातारा, कुणा कैद्याचा बाप, त्यांना हात जोडून विचारत होता, "साब, आप कौन से एमिकस हो? भिंड वाले के मुरैना वाले?"

भैयासाहेब गंभीरपणे म्हणाले, "हम लश्कर वाले."

मी नवी होते तेव्हा मलाही ते पदच वाटलं होतं, कोर्टात पेशकार असतो तसं. मी तसं विचारलं. त्यांनी चष्मा काढला, आणि मी समजले की आता टायपिंग राहिलं.

लहानपणी मिशनच्या शाळेत एका म्हाताऱ्या पाद्र्याने त्यांना लॅटिन शिकवलं होतं. वर्गातल्या दुसऱ्या कुणी विचारलंच नाही, म्हणून सगळं ह्यांच्या एकट्याच्या वाट्याला आलं. ते कुठे तरी सांडायला हवं होतंच.

"सुमनबाई, ते पद नाही आणि नामही नाही. मुळात विशेषण आहे ते. चांगला, शहाणा, तसं. आणि उच्चार अमीकुस. 'मी' लांब. अमीकुस पुरुषाला, अमीका बाईला, अमीकुम नपुंसकाला. चांगला, चांगली, चांगलं. हिंदीवाल्यांकडे दोनच लिंगं, त्यांना हे शिकताना घाम फुटतो. आपल्याकडे तिन्ही. लॅटिन आपल्या घरचीच आहे म्हणा ना."

"पण अर्थ काय?"

"स्नेह असलेला. 'अमारे' म्हणजे प्रेम करणं, त्यातून निघालाय. पुढे त्याचंच नाम झालं, मित्र. त्याच्या आधी नकार लावला की इनिमीकुस, स्नेह नसलेला. वैरी. बघा हं, वैऱ्यासाठी त्यांनी वेगळा शब्द शोधला नाही. स्नेह काढून घेतला की उरतो तो वैरी."

"म्हणजे मी अमीका झाले की," मी हसत म्हटलं.

"कुणाला?" त्यांनी लगेच विचारलं. "हे विशेषण एकटं उभं राहत नाही. त्याला चतुर्थी लागते. स्नेह आहे, तो कुणाला, हे सांगावंच लागतं. आता क्युरी, ते खरं कूरिआय. त्याचं गंमतीचं आहे. 'कोर्टाचा' आणि 'कोर्टाला', दोन्हींचं रूप तेच. काही म्हणा, माणूस कोर्टाचाच."

हिंदी अर्जांत मी 'न्यायमित्र' लिहायची, सगळे तसंच लिहितात. ते खोडायचे. म्हणायचे, "न्यायाचा मित्र व्हायला मी कोण? तो राहतो कुठे ते तरी मला ठाऊक आहे का? मला कोर्टाने बोलावलंय. मी कोर्टाला खरं सांगायला बांधलेला."

आणि हे त्यांचं नुसतं बोलणं नव्हतं. त्यांची एक रीत होती. कैद्याच्या बाजूने जे जे आहे ते सगळं मांडून झालं की ते थांबायचे आणि म्हणायचे, "आता दुसरं पारडं." मग कैद्याच्या विरुद्ध कागदात जे असेल, सरकारी वकिलाच्या नजरेतून सुटलं असेल तरी, ते स्वतःच काढून न्यायाधीशांपुढे ठेवायचे. वकील टोमणे मारायचे, "टेंबे साहब खड़े हों तो सरकार अपना वकील घर भेज दे." पण न्यायाधीश त्यांच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवत, आणि त्याच विश्वासावर कितीतरी लोक सुटलेही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. खोटं कशाला सांगू?

हे पारडं त्यांनी घरातही सोडलं नाही. "कसे आहात?" म्हटलं तर "गुडघा वाईट, भूक चांगली," असं दोन्हीकडचं उत्तर यायचं. त्यांचा भाचा अंशुल त्यांच्याच हाताखाली वकिली करायचा. त्याच्यासाठी इंदूरचं स्थळ आलं. मुलीचे वडील जवळच गोरखी भागात उतरले होते, ते भैयासाहेबांकडे चौकशीला आले. वहिनींनी पोहे केले होते, मी प्लेटा नेत होते. भैयासाहेबांनी भाच्याची बुद्धी, कष्ट, निर्व्यसनीपणा, सगळं सांगितलं. मग चष्मा काढला. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"आता दुसरं पारडं. मुलगा तापट आहे. सकाळी उशिरा उठतो. आणि आईचं ऐकतो, जरुरीपेक्षा जास्त."

अंशुल पडद्याआड उभा होता. तो जो निघून गेला, तो दोन दिवस मामांशी बोलला नाही. माझ्याजवळ कुरकुरत होता, "मावशी, हद है यार! सगा मामा आहे का दुश्मन आहे?" आणि काय झालं असेल? मुलीच्या वडिलांनी तिथल्या तिथे होकार दिला. म्हणाले, चौकशीला गेल्यावर खरं बोलणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा भेटला, ह्या घरात मुलगी निर्धास्त देतो. लग्न झालं, छान चाललंय. भैयासाहेबांना त्याचं फार समाधान होतं. खरं सांगितलं की जग शेवटी ऐकतं, असं त्यांना मनापासून वाटायचं. तोवर जगाने त्यांचं ऐकलंही होतं.

मग हल्केचं अपील आलं.

हल्के श्योपूरकडच्या जंगलपट्टीतला. सलईच्या झाडांचा गोंद काढून पोट भरणारा. गावातल्या एका शेतकऱ्याचा खून झाला होता, अंधारात, मळ्याच्या वाटेवर. पाहणारा साक्षीदार एकच. त्याचं म्हणणं, शेतकऱ्याने विळा उगारला, हल्केने तो पात्यालाच धरून हिसकावला आणि त्याच विळ्याने त्याला मारलं. खाली जन्मठेप झाली. अपील सुनावणीला येईपर्यंत हल्केचे केस पांढरे व्हायला लागले होते.

त्या दिवशी मी दुरुस्त केलेले कागद द्यायला कोर्टात गेले होते, ती अंशुलशेजारी मागे बसूनच राहिले. भैयासाहेब काय बोलले त्या दिवशी! चंद्र नव्हता, दिवा नव्हता, साक्षीदार बांधापलीकडे उभा, हल्केशी त्याचं जुनं वाकडं. "ज्या अंधारात माणसाचा चेहरा दिसायची मारामार, त्या अंधारात विळ्याचं पातं कुणी कुठे धरलं ते दिसलं कसं?" सरकारी वकील नवीन पोरगेला, पानं उलटत बसला. दोन न्यायाधीश होते. मोठ्यांनी पेन खाली ठेवलं, धाकट्यांकडे झुकून काहीतरी बोलले, आणि धाकट्यांनी मान डोलावली. अंशुलने माझं मनगट दाबलं, "मावशी, छूट गया."

तेवढ्यात मोठे न्यायाधीश हसून म्हणाले, "टेंबे साहब, आज दूसरा पलड़ा खाली है क्या?"

थट्टाच होती ती, प्रेमाची. 'नाही साहेब, आज काही नाही' म्हटलं असतं तरी कुणी पुन्हा विचारलं नसतं. मला त्यांची पाठ दिसत होती. हात चष्म्याकडे गेलेला दिसला.

मग म्हणाले, "नहीं, माय लॉर्ड. खाली नहीं है."

अटक झाल्यावर हल्केची तपासणी करणाऱ्या डॉक्टरने त्याच्या उजव्या तळहातावर कापल्याची जखम लिहिली होती. खालच्या कोर्टात त्यावर कोणी बोललं नव्हतं. सरकारी वकिलाला आताही ती माहीत नव्हती. भैयासाहेबांनी पानाचा आकडा सांगितला.

न्यायाधीशांनी पान काढलं. वाचलं. धाकट्यांना दाखवलं. मग पेन उचललं. साक्षीदार म्हणतो पातं हाताने धरलं, आणि हाताला तर जखम आहेच. ज्या साक्षीचे भैयासाहेबांनी तासभर धागे सोडवले होते, तिला त्यांनी स्वतःच गाठ मारून दिली.

अपील तिथल्या तिथे फेटाळलं गेलं. निकालात भैयासाहेबांच्या सचोटीची तारीफ होती, चांगली दोन-तीन वाक्यं. ती मी वाचली. त्यांनी वाचली नाहीत.

ऑफिसच्या जिन्यातच अंशुलचा भडका उडाला. "मामा, कोर्ट मानून गेलं होतं! तुम्ही बोललात क्यों? आपण त्या आदमीच्या तरफसे उभे होतो!"

"त्यांनी विचारलं."

"मजाक में पूछा!"

"मला थट्टेतही खोटं बोलता येत नाही, अंशुल." भैयासाहेब एकेक पायरी चढत होते, कठड्याला धरून. "उद्या तुरुंगात जाऊ. निकाल त्याला आपण सांगावा. कुणा शिपायाकडून कळू नये."

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. कोर्टाने नेमलेला वकील कैद्याला भेटायला जात नसे. तशी रीतच नव्हती. कागद यायचे, कागद वाचायचे, कागदावर बोलायचं. इतक्या वर्षांत भैयासाहेबांनी कितीतरी माणसांसाठी घसा कोरडा केला, त्यांतला एकही चेहरा पाहिला नव्हता. हल्केला ते पहिल्यांदा भेटले ते त्याला हे सांगायला, की तू आता सुटणार नाहीस.

ती भेट मला अंशुलने सांगितली, तोही खाली मान घालून. भैयासाहेबांनी सगळं सरळ सांगितलं. अपील गेलं, हाताच्या जखमेमुळे गेलं, आणि जखम मी दाखवली. हल्केने स्वतःचा तळहात उलटा करून पाहिला, जसा काही दुसऱ्याचा आहे.

"साब, जे तो सलई में लगी हती. गोंद छीलत में कुल्हाड़ी फिसल गई. पूरे गाँव ने पट्टी देखी हती."

साक्षीदारानेही पाहिली असणार. पट्टी पाहिली आणि त्या पट्टीला साजेसा विळा रचला.

"अरे, तो पहले काए नहीं बताई?" अंशुल ओरडलाच.

"कौन ने पूछी, भैया?"

भैयासाहेब त्या दिवशी ऑफिसात परत आले आणि टेबलावर हात ठेवून बसून राहिले. खालची पातेली वाजत होती. अंशुल त्यांची समजूत घालत होता, अहो कोणीही असंच सांगेल, कैदी तर सगळेच सांगतात. ते म्हणाले, "असेल. खोटंही असेल. पण मी विचारलं नव्हतं."

खरं काय ते पाहायला ते हल्केच्या गावी गेले. बायकांशी बोलायला बाई हवी, म्हणून मला बरोबर नेलं. रामकटोरी, हल्केची बायको, चाळणीने धान्य चाळत होती. वाळलेली, पण आवाज खणखणीत. वकील आलेत म्हटल्यावर तिने खाटेवर गोधडी घातली. मी हाताचं विचारलं. तिला वेळ लागला नाही.

"हल्दी तो मैंने ही बाँधी थी, बाई. अपनी लुगड़ी फाड़ के. वो मरने वाला तो उसके बाद मरा है. होली जल गई थी, तब मरा. हाथ तो उससे पहले का है." मग भैयासाहेबांकडे वळून म्हणाली, "हाथ का क्या है, साब? हाथ से क्या छूटेंगे?"

कोर्टात त्या हाताचं काय झालं ते हल्केने तिला सांगितलंच नव्हतं. मुलाकातीला ती जायची तेव्हा तो म्हणायचा, वकील चांगला आहे, लढतोय. भैयासाहेब उठून हातपंपाजवळ जाऊन उभे राहिले. मला वाटलं आता येतील आणि तिला सांगतील. पण ते आले आणि म्हणाले, "निघूया." ज्या माणसाने न्यायाधीशाला सांगितलं, भाच्याच्या सासऱ्याला सांगितलं, त्याला त्या बाईला सांगता आलं नाही.

वरच्या कोर्टात अर्ज गेला, तोही टिकला नाही. साक्षी-पुराव्याची वेळ कधीच संपली होती. बायकोने बांधलेली हळद आता कोणत्या कागदावर चढवणार?

त्यानंतरचे भैयासाहेब मी लोकांना सांगते तेव्हा कुणाला पटत नाहीत. दिसायला सगळं तेच. कोट तोच, कललेली मान तीच. पण लॅटिन बंद. वहिनी एकदा स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, "सुमन, हे आता मला काही समजावून सांगत नाहीत गं. पूर्वी आमटीत मीठ कमी पडलं तरी मिठाच्या शब्दाची आजी-पणजी सांगायचे. आता जेवतात आणि उठतात." त्यांनी पदराने ओटा पुसला, मग तोच पदर डोळ्यांना लावला.

ऑफिसात एक बदल झाला. नेमणूक आली की कागद उघडण्याआधी ते तुरुंगात जायचे. आधी माणूस, मग कागद. जायचे आणि विचारत राहायचे. हे काय, ते काय, हा डाग कशाचा, त्या रात्री काय जेवलात, बैल कुणाचा होता. कैदी कंटाळायचे. आणि मला म्हणाले, "माझ्या नावापुढे आता काही लिहू नका. 'अपीलकर्त्याच्या वतीने' एवढंच लिहा." कोर्टाच्या आदेशात अमिकस असायचं, ते असू द्यायचे.

अंशुलने एकदा चहा पिता पिता विचारलं, "मामा, सच बताओ. त्याने खरंच विळा पकडला असता, आणि तुम्हाला माहीत असतं, तर?"

"तर सांगितलं असतं."

"फिर? फरक काय?"

"विचारून सांगितलं असतं," भैयासाहेब म्हणाले. "मी कोर्टाशी स्नेह ठेवला अंशुल, आणि तो पुरता ठेवला. त्या माणसाचं नावसुद्धा मी फक्त वाचलं होतं."

चहा तसाच राहिला. मुन्नाने कप नेताना मला खुणेने विचारलं, काय झालं?

हल्केच्या मुलाकातीचा दिवस त्यांनी कधी चुकवला नाही. पुढे गुडघे फारच गेले, म्हणून मी बरोबर जायची. ई-रिक्षा करायची, त्यांना धरून उतरवायचं, आत नाव पाठवायचं. ते आत काय बोलायचे मला ठाऊक नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणायचे, खोकला कमी आहे, किंवा आज बोलला नाही.

एकदा नाव आत गेलं आणि शिपाई परत आला. ओळखीचा झाला होता, भला माणूस. ओशाळून म्हणाला, "बाबूजी, वो मना कर रहा है."

"तबियत?"

"तबियत ठीक है. कह रहा है, साब से बोल दो, अब न आया करें. आप आते हो तो उसे आस लग जाती है. फिर कई दिन रोटी नहीं उतरती."

भैयासाहेबांनी मान डोलावली, एखाद्या न्यायाधीशाचं म्हणणं पटल्यासारखी. मी त्यांना बाहेर आणलं. भिंतीलगत कडुनिंबाखाली एक बाक आहे, भेटायला आलेल्या लोकांसाठी. तिथे बसले. मला वाटलं थकलेत, बसू दे. पुढच्या मुलाकातीच्या दिवशी सकाळी पाहते तर कपडे करून तयार. मी म्हटलं, "भैयासाहेब, तो नाही म्हणालाय ना?"

"आत नाही जायचं. नाव नाही पाठवायचं. बसायचं फक्त."

तेव्हापासून तसं चाललं. मुलाकातीची वेळ संपेपर्यंत बाकावर बसायचं आणि घरी यायचं. वहिनींना वाटायचं आत जाऊन येतात. मी सांगितलं नाही.

असंच एकदा, हिवाळ्याच्या तोंडाशी, रामकटोरी आतून भेटून बाहेर आली. खूप दिवसांनी आली होती, तिला ओळखायला मला वेळ लागला, इतकी वाकली होती. तिने मात्र लगेच ओळखलं. "साब, आप!" म्हणत बाकाजवळ जमिनीवरच बसायला लागली. भैयासाहेबांनी तिला वर बसवलं. ती सांगत होती, मुलगी दिली, घर गळतंय, तो खोकतो फार. "पर साब, आप हो तो हिम्मत है. वो भी कहते हैं, वकील साब ने बहुत लड़ी."

भैयासाहेबांनी चष्मा काढला. मी मनात म्हटलं, नको हो, आता नको. तिच्याकडे एवढंच तर राहिलंय.

"हाथ की बात मैंने बताई थी," ते म्हणाले.

तिला समजलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, सावकाश, तिच्या बोलीत जमेल तसं. जज छोड़ने वाले थे. छोड़ ही दिया था समझो. मैंने हाथ का घाव दिखाया. मैंने तुमसे नहीं पूछा था, उससे नहीं पूछा था. इसलिए वो अंदर है.

रामकटोरी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला वाटलं शिव्या देईल, छाती पिटेल. तिने बोचकं उचललं, काखेत घेतलं, डोक्यावरची लुगडी नीट केली आणि चालायला लागली. पडावाकडे, तिची बस तिकडून सुटते.

"रिक्षा बोलवा," भैयासाहेब म्हणाले.

मी ई-रिक्षा थांबवली, त्यांना कसंबसं चढवलं. पुढे रस्त्याच्या कडेने ती चाललेली. तिच्याजवळ आलो तेव्हा भैयासाहेबांनी थांबवायला सांगितलं. मी म्हटलं, "रामकटोरी, बैठ जा बाई, दूर है." तिने एकदा पाहिलं, मला पाहिलं, त्यांना पाहिलं, आणि चालत राहिली.

"पीछे चलो," भैयासाहेब रिक्षावाल्याला म्हणाले. "आगे मत निकलना."

रिक्षा तिच्या मागून चालायला लागली, तिच्या चालीने. मागून हॉर्न, मोटरसायकलवाले शिव्या घालत पुढे जाताहेत. रिक्षावाला वैतागला, "बाबूजी, सवारी ले जा रहा हूँ कि जनाजा?" भैयासाहेबांचं लक्ष नव्हतं. समोरच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून ते पुढे वाकून बसले होते, आणि पुढे ती पाठ, ते बोचकं. ती थांबली की रिक्षा थांबायची. एकदा ती एका दुकानाच्या पायरीवर टेकली, चप्पल काढून तळवा चोळला. आम्हीही थांबलो. ती उठली. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण आम्ही आहोत हे तिला माहीत होतं.

पडावला बस उभी होती. ती चढली, खिडकीजवळ जागा मिळाली तिला. बोचकं मांडीवर घेतलं आणि समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसली. भैयासाहेबांनी रिक्षातूनच हात जोडले. कंडक्टरने पत्रा बडवला, बस हलली, वळली, गेली.

"अब किधर, बाबूजी?" रिक्षावाल्याने विचारलं.

भैयासाहेब बस गेली त्या बाजूला बघत होते, चष्म्याशिवाय. हात तसेच जोडलेले.

रिक्षावाल्याने माझ्याकडे पाहिलं. मीच म्हटलं, दौलतगंज.